वरचा सांधा

टल्साबाहेरची शेड. मार्नी सीटवर बसली,
हेल्मेट घालून, पट्टे आवळून.
डोक्यापासून नळीपर्यंत मी तीन बोटं मोजली.
"मान हलव." हलवली.
"आता आपटल्यावर हलेल तशी."
ती हसली. मी नाही.

चौकोन दाबला की कलतो,
म्हणून खांद्यामागून कर्ण टाकला.
दाराची नळी कोपराच्या वर.
चढताना शिव्या देशील. दे.

छताला चिकटलेल्या सांध्याच्या
वरच्या अंगाला वेल्डिंगचा हात पोचत नाही.
लोक तिथे अर्धंच जोडतात आणि रंग मारतात.
मी ट्रकच्या तळाला भोकं पाडली,
अख्खा पिंजरा खाली सोडला,
वरचे सांधे पूर्ण गोल फिरून जोडले,
मग जॅकने इंच इंच परत चढवला,
पायांखाली पोलादी पाट दिले.
दोन दिवस गेले. गेले तर गेले.

तिच्या बापाच्या ट्रकमध्ये
तो सांधा अर्धाच होता. रंग सुरेख होता.
जोडणारा मीच.

मार्नीला ते ठाऊक आहे.
तरी चावी तिने माझ्याच बाकावर टाकली,
म्हणाली, "ओडेलकाका, पाव मैल तर आहे."

पाव मैल.
ती गेल्यावर मी बॅटरी घेतली, दाताच्या डॉक्टरचा तो छोटा आरसा घेतला
आणि पुन्हा
सांध्यामागे पाहिलं.