शेजारची कौलं

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सव्वीस डिस्का,
वीस वर्षांची लग्नं.
प्रत्येकीवर चिकटपट्टी, पट्टीवर निळ्या पेनानं गाव नि साल:
नंदगड, गर्लगुंजी, इदलहोंड, हलकर्णी.
तोपिनकट्टीची तेवढी
वायर लावली की टक् टक् करते,
आतून कुणीतरी दार वाजवावं तशी.
कडी मात्र दोन्हीकडून गंजलेली.

जोती आली होती वैशाखात, पुण्याहून.
तिला अख्खं लग्न नको होतं.
"पप्पा पंगतीत जिलेबी वाढताना
कॅमेऱ्याकडं बघून हसल्यात,
तेवढंच द्या मामा."
तेवढंच.
मी तिला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी बेळगावला गेलो,
खडेबाजारातून आत, इम्तियाज सनदीच्या दुकानात,
जिथं बँकांनी टाकलेले संगणक
विटांसारखे छतापर्यंत रचलेले असतात.
"मोठ्ठा घेऊ नका. मोठा म्हणजे मोठा पंखा, मोठं बिल.
हा बघा, शाळेच्या दप्तराएवढा.
तीस वॅट खातोय. रात्रंदिवस चालला
तर महिन्याला बावीस युनिट, बास."
साडेसहा हजार.
अंगावर बँकेचा स्टिकर, शाखा नि क्रमांक, कन्नडमध्ये.
नखानं खरवडला, निघेना.
राहू दे म्हटलं.
माझं रेशनकार्डही त्याच लिपीत आहे.

मग डिस्क. स्वस्तातली मी आधीच हातात धरलेली.
त्यानं ती काढून घेतली.
"ही नको. हिच्यात रेघा एकमेकींवर चढवल्यात,
जागा वाचावी म्हणून, कौलांसारख्या.
भरताना काय वाटत नाही,
खरं एक बदलायचं म्हटलं
की शेजारची पाच उचलायला लागतात."
खानापूरच्या माणसाला हा कौल समजावत होता!
माझा बाप भट्टीवर कौलं भाजत म्हातारा झाला.
मी गुमान बाराशे रुपये जास्त मोजले
आणि दोन डिस्का टॉवेलात गुंडाळून
खड्ड्याखड्ड्याला मांडी उचलत
बसनं घरी आणल्या.

रेणूनं हिशेब मांडला. "चार नि चार, आठ."
चारच, मी म्हटलं.
जे एकीवर तेच दुसरीवर. एक गेली तर एक आहे.
"म्हंजे दोनचे पैसे देऊन एक आणलासा?"
हो.
ती भाकरी उलटत राहिली.
"किल्लीचं पण आपण असंच करतोय की.
खरं दुसरी किल्ली आपण घरात ठेवत नाही,
मुचंडी काकूंकडं ठेवतोय."

हे मला इम्तियाजनंही सांगितलं नव्हतं.
घर जळालं, चोर आला, पाणी शिरलं,
तर दोन्ही एकदमच जाणार.
आता जुन्यातली एक धुऊनपुसून
दर संक्रांतीला जांबोटीला मेव्हण्याकडं जाईल,
तिळगुळाबरोबर.

लाईट जाते म्हणून बॅटरी घेतली, तीही जुनीच.
महिन्याच्या भाड्यानं दुसऱ्याच्या ढगात जागा मिळते म्हणतात,
खरं भाडं थकलं की लग्नं रस्त्यावर यायची.

रात्री एकेक डिस्क उतरवत बसतो.
तोपिनकट्टीच्या नावाचा फोल्डर करून ठेवलाय, शून्य.
बेंगळूरला पाठवली तर निघेल कदाचित,
त्याला लागतात वीस हजार,
सगळ्या खर्चाहून जास्त.

काल गर्लगुंजी उतरत होती, दोन हजार अकरा.
कुणा चौगुल्यांच्या मुलाचं लग्न.
पंगत बसलेली, मी कॅमेरा फिरवतोय,
आणि टोकाला पाठमोरा एक माणूस,
हातात जिलेबीची परात.
शेजारच्या गावचा. वाढायला आलेला.

थांबवलं. मागं नेलं. परत सोडलं.
तो वळतो.
हसत नाही.
कॅमेऱ्यालाच विचारतो,
अजून एक घालू काय?