पानांची भोकं

औशाच्या बाजारात रोपवाला म्हणाला,
हे न्या. बारमाही हिरवं. कीडसुद्धा शिवत नाही.
जैबुन आपा म्हणाल्या,
मग लावू कुणासाठी?

घरामागं कोरड्या गेलेल्या बोअरच्या
भुकटीचा करडा ढीग होता.
तिथं त्यांनी तरवड पेरला,
बांधावरच्या चपट्या शेंगांतला.
दगडू हसला, "रानातलं झाड कामून अंगणात?"

पहिल्या साली वीतभर.
दुसऱ्या उन्हाळ्यात मेलाच वाटलं;
नखानं साल खरवडली,
आत हिरवं.

तिसऱ्या साली पिवळाधमक.
काळा भुंगा फुलाला लोंबकळतो,
अंग थरथरवतो, पराग झाडून घेतो.
लांब चढावर फटफटी चढावी
तसा आवाज दुपारभर.

रुई आपली आपणच आली.
पट्टेरी अळ्यांनी तिचं पान न् पान कुरतडलं.
आपा चष्मा लावून भोकं मोजतात,
कमी भरली की घोर लागतो.

परवा त्रेचाळीस.
काल एकोणपन्नास.
आज मोजायला पानच नव्हतं,
आणि मागच्या दाराच्या कडीखाली
लोलकाएवढं काही हिरवं,
सोनेरी ठिपक्यांचं, टांगलेलं.

आपा आता पुढच्या दारानं
वळसा घालून परसात जातात.