अंगठ्या

पहाटे तीनला नळी आली, अजून कोमट.
लेबलवर नाव: म्सा सोइलिही, वय एकोणसाठ.
खाली डॉक्टरीणबाईंचं घाईचं अक्षर:
कोमोरोसहून परतून नऊ दिवस. ताप. बरळतो आहे.

मी या माणसाला पाहिलेलं नाही.
मार्सेच्या या इस्पितळाच्या तळघरात
माणसं येत नाहीत,
त्यांचं काही ना काही येतं.

काचपट्टीवर थेंब. दुसरी काच तिरकी टेकवून
एका दमात ओढायचा,
हात थांबला की थर वाया.
वाळू द्यायचा. फुंकर मारायची नाही.
मग जांभळा रंग, मग तेलाचा ठिपका, मग भिंग,

आणि तिथे अंगठ्या.
तांबड्या पेशींच्या आत निळ्या, केसाएवढ्या बारीक,
प्रत्येकीला एक लाल खडा.
कुठे एकीत एक, कुठे एकीत दोन,
एकीत तर कडेला बिलगून तीन.

वरून नर्सचा फोन: लग्नाला गेला होता.
भाचीचं मोठं लग्न, अख्ख्या गावाला जेवण,
ज्यासाठी मामा वीस वर्षं
गोदीत पेट्या उचलून सोनं जमवतो.
आणि गोळ्या? पाकीट बॅगेत तसंच, फक्त चार कमी.
बायको सांगत होती, हसले म्हणे:
मी तिथलाच. तिथले डास मला ओळखतात.

ओळखतही असतील.
पण रक्त विसरतं.
वीस हिवाळे या बंदरावर काढले
की रक्ताला गावाकडची बोली येईनाशी होते,
आणि ते दार उघडून बसतं.

मी मोजते. बोट खटक्यावर.
हजार पेशींत एकशे बारा.
पुन्हा मोजते, कारण एवढा आकडा
पहिल्यांदा कुणी खरा मानत नाही.
एकशे नऊ.
वर कळवताना माझा आवाज आपोआप खाली येतो.

तिकडे कुपीतली पांढरी भुकटी
एका पाण्यात विरघळवतात, दुसऱ्यात पातळ करतात,
माणसाचं वजन विचारून शिरेत सोडतात:
आत्ता, बारा तासांनी, चोवीस तासांनी.
मूळ म्हणे एका झुडपात,
आपल्या दवण्याच्या गोत्रातलं, कडू.
मधे मधे साखर तपासतात, लघवीचा रंग बघतात,
नाव विचारतात. दुसऱ्या रात्री
त्याने आपलं सोडून भाचीचं सांगितलं.

माझ्याकडे फक्त काचा.
बारा तासांनी शेकडा सात.
चोवीस तासांनी दीड.
तिसऱ्या रात्री अख्खी काच धुंडाळली
आणि शून्य लिहिलं.
लिहून त्याच्याकडे पाहिलं:
तीही एक अंगठीच,
खडा पडलेली.

इथे थांबायला हवं होतं.

पण पानथरी काय करते,
मेलेली अंगठी पेशीतून अलगद उपटून काढते,
सोनाराच्या चिमट्यासारखी,
आणि पेशीला म्हणते, जा.
पेशी जाते. फिरते. श्वास वाहते.
फक्त तिचं आयुष्य आता उसनं असतं,
आणि अशा हजारो उसन्यांची मुदत
एकदमच भरते.

चौदावा दिवस. तेच नाव, नवी नळी.
वरचं पाणी गडद, काळ्या चहासारखं.
हिमोग्लोबिन सहा पूर्णांक आठ.
परजीवी एकही नाही. मी तीन वेळा पाहिलं.
त्याच्यासाठी रक्ताच्या दोन पिशव्या काढल्या.

एकविसाव्या दिवशी माझी पाळी दुपारची होती.
जिन्याजवळच्या बाकावर एक गृहस्थ,
सप्टेंबरात जाड कोट घातलेला,
शेजारी बायको, मांडीवर कागदांची फाइल.
डोळ्यांत अजून जरा पिवळं.
हात गुडघ्यावर, बोटं रोडावलेली,
आणि अंगठी गळू नये म्हणून
तिला आतून दोरा गुंडाळलेला, निळा.

रक्त इथेच घेतात ना? त्याने विचारलं.
इथेच, मी म्हटलं.
बसा. बोलावतील.