मानशीचा ठसा

चाळीस दिवस पत्र्याला हात लावू दिला नाही
इरिनेव सरांनी.
रायबंदरच्या खोलीत यंत्र तसंच झाकलेलं,
त्याच्यावर सरांची छत्री वाळत.
म्हणाले, आधी कागदावर चुकून घे.
पत्रा चुका विसरत नाही.

मग रोज सकाळची फेरीबोट, चोडण,
बांदाच्या अलीकडच्या टोकाला एक चिरा,
त्यावर मी.
डावीकडे नदी, उजवीकडे खाजन,
मधे मानस, तिची दोन लाकडी दारं
आणि जाळं ओढणारा पुतू.

पहिल्या आठवड्यात मी काढलं ते पाणी नव्हतं,
केस होते.
दार होतं, पण त्याला वजन नव्हतं.
पुतू कागदात डोकावून म्हणाला,
"एवढं हलकं असतं तर मी कशाला म्हातारा झालो असतो?"
खोडरबराचा चुरा खेकड्यांच्या बिळांत गेला.

एकोणिसाव्या दिवशी कधीतरी
रेघ दाराआधी थांबली,
तुंबली,
मग फटीतून आत शिरली.
मी काही केलं नव्हतं. मनगटाला कळलं होतं.

जस्ताचा पत्रा. त्यावर मेणाचा काळा थर.
सुईनं तेच चित्र, डोळे मिटूनही जमेल इतकं पाठ.
आम्लात रेघेरेघेवर बुडबुडे उठले,
ते मी बगळ्याच्या पिसानं सारत राहिले,
पीस मानशीवरचंच, पुतूनं दिलेलं.
शाई भरली, पुसली, ओला कागद, वर कांबळं,
चाकावर दोघांचा भार.

कागद सोलून काढला आणि
नदी उजवीकडे.
पत्र्यावर उलटं काढायचं विसरले होते.
सर हसले नाहीत. नखानं कोपरा दाबत म्हणाले,
"रेघ खरी आहे. बाजूचं बघू."

तो ठसा पुतूला द्यायला नेला, थोडी ओशाळून.
त्यानं हात लुंगीला पुसले,
कागद लांब धरला, जवळ धरला.
"हे तू माझ्या दारातून कधी काढलंस?"
त्याचं घर बांदाच्या पलीकडच्या टोकाला.
तिथून नदी उजवीकडेच असते,
त्याच्या जन्मापासून.
"फक्त मला डावरा केलंस."

आज दुपारी सुकती.
त्याच्या उंबऱ्याशी बसले आहे, पत्रा घरी ठेवून.
या टोकावरून मला अजून
काहीच काढता येत नाही.
पेन्सिलीला टोक काढते.