मुंग्या

फटी आता पंचावन्न इंची पडद्यासमोर बसतो,
पाय तिवईवर, रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला,
आणि मला विचारतो, "वेरोना कशी आसा रे?"
इतक्या वर्षांनी तोच प्रश्न.
फक्त तेव्हा तो कौलांवर होता.

नव्वदचा पावसाळा. दिवाडी.
शेवटची फेरी मी धक्क्याला बांधायचो
आणि हाताचं तेल न धुता
सांतान मास्कारेन्यसच्या सोप्यावर येऊन बसायचो.
त्याचा भाऊ तारवटी, जेनोव्याच्या बोटीवर कुक.
त्याच्या पैशांतून आलेला चौदा इंची टीव्ही,
कृष्णधवल, वर क्रोशाचा रुमाल,
रुमालावर सायबीण.

सामना तिकडे रात्री, इकडे बारा वाजून गेल्यावर.
चित्र यायचं ते वाऱ्याच्या मर्जीनं,
म्हणून फटी वर. एका हातात अँटेनाचा दांडा,
दुसऱ्यात काडी मोडलेली छत्री.
सांतानची आई खालून शिव्या घालायची,
वीज पडून मरशील, मेल्या, आणि माझी कौलं फुटतील.
"आयलें?" तो विचारायचा.
"आयलें! ना, गेलें. थोडें मांडवीकडेन!"
तोरीनो, मिलान, उदिने,
सगळी शहरं आम्हाला त्याच्या मनगटातून मिळाली.
गोल झाला की आम्ही नाचायचो
आणि बऱ्याच वेळानं कौलांतून आवाज यायचा,
"कोणें मारलो?"
खरं तर आम्हालाही नीट ठाऊक नसायचं.
एका संघाला आम्ही काळे म्हणायचो,
दुसऱ्याला कमी काळे.

"वेरोना कशी दिसता?" त्यानं एकदा विचारलं.
पडद्यावर तेव्हा नुसत्या मुंग्या.
मी म्हटलं, "बरी दिसता."

गेल्या नोव्हेंबरात उर्वीनं बोलावलं.
ती पादोव्यात शिकते, मातीबद्दल काहीतरी.
तोरीनोहून गाडी सुटली आणि तासाभरात
भातशेतं आली. कापलेली, बांधात पाणी, पाण्यात बगळे.
मी उठून उभाच राहिलो. खाजन! म्हटलं.
मानस शोधत होतो, पाणी सोडतात कुठून.
"बाबा, बसा. लोक बघतात."
कुणी बघत नव्हतं. सगळे आपापल्या फोनात.

ब्रेशिया सोडल्यावर धुकं.
झाडं गेली, तारा गेल्या,
उजवीकडे बघा म्हणून सांगितलेला तलाव,
तो तर डावीकडे होता म्हणे, तोही गेला.
खिडकीभर करडं, बारीक दाण्यांचं, हलणारं.
आणि तेवढ्यात माझ्या पायाला मुंग्या आल्या.
वाटलं, कुणीतरी वर चढायला हवं.

वेरोनात लोक पुलाचे फोटो काढत होते.
मी छपरं बघत होतो. नळ्यांची कौलं,
आपल्याकडे जुन्या घरांवर असायची तशी,
आणि गंजलेल्या अँटेना, पुष्कळ,
सगळ्या एकाच दिशेला तोंड करून,
कुणी हात लावत नसलेल्या.
हॉटेलात टीव्ही लावला. एक बाई कणीक मळत होती,
इतकी स्वच्छ की तिच्या नखातलं पीठ दिसत होतं.
माझा तिच्यावर विश्वास बसेना.

उर्वी म्हणाली, हा नॉस्टॅल्जिया.
असेल. पण मला ते दिवस नको आहेत,
ओले पाय, पहाटेची पहिली फेरी,
सांतानच्या भावाची पेटी बोटीवरून एकटीच आली ते वर्ष.
मला फक्त ते "बरी दिसता" परत घ्यायचं आहे.

तर, वेरोना.
मी फोन काढतो, फोटो उघडून त्याच्या हातात देतो.
फोटोत धुकंच आलंय.
फटीला चष्मा सापडत नाही.
तो फोन डोळ्यांपासून लांब धरतो, वर उचलतो,
डावीकडे वळवतो, सावकाश, मग उजवीकडे,
मग थोडा मांडवीकडे.