पाचवा हात

दिवसभर मी दात रंगवते.
देवपुरातल्या लॅबमध्ये, खिडकीशी,
छटांची पट्टी उजेडात धरून:
ए-वन, ए-टू, बी-वन, तंबाखूवाल्यांसाठी सी-फोर.
कुणाचाच दात पांढरा नसतो,
हे मी पगार घेऊन शिकले.

तरी ही मोटार मला पांढरीच हवी.
चोविसास एक मापाची अँबॅसॅडर,
तळहातावर मावते,
बॉनेटला तोच जेवून उठल्यासारखा फुगीरपणा.
बापूंनी एकतीस वर्षं पुसली हिची थोरली बहीण
कचेरीच्या आवारात, कडुलिंबाखाली, पिवळ्या फडक्यानं.
साहेब बदलायचे. फडकंही बदलायचं, जरा उशिरानं.

लाल झाकतो, काळा तर सगळंच पोटात घालतो.
पांढरा चहाडखोर.
शिवणीतली पुट्टी, बोटाचं तेल, पापणीचा केस,
सगळं सांगतो, आणि मोठ्यानं.

म्हणून आधी भांड्याच्या साबणानं अंघोळ.
मग राखाडी अस्तर, मग दोन हजार नंबरचा पेपर
पाण्यातून, हलका,
नव्या दाताची कड जिभेला टोचू नये इतपत.
रंग पातळ करायचा
आमच्या दूधवाल्याच्या दुधाइतका,
त्यात काडीच्या टोकानं निळ्याचा टिपका.
आई बापूंच्या गणवेशाला नीळ द्यायची, त्याच हिशेबानं.

पहिला हात दिसतच नाही. धुकं.
दुसऱ्यानं राखाडी फिकटतं
आणि इथंच माणूस फसतो:
एक दाट फवारा मारू, संपवू.
मारला की कोपऱ्यात डबकं
आणि कडा उघड्याच्या उघड्या.
तीनदा फसलेय.

त्यात हा धुळ्याचा वैशाख.
रंग नळीतून निघून पत्र्याला टेकेपर्यंत
हवेतच वाळतो, रव्यासारखा बसतो.
म्हणून पहाटे साडेचार,
नळ यायच्या आत,
मोरीत, फरशी ओली करून, पंखा बंद.
अकील फ्रीजवाल्यानं काढून दिलेला कॉम्प्रेसर
धापा टाकतो,
आणि वरच्या मजल्यावरच्या देवरे काकू विचारतात,
इतक्या पहाटे काय दळते गं?

चौथा हात छान बसला.
पाचव्याला झरोक्यातून जिनिंगकडचा वारा आला,
कापसाचा एक तंतू
बॉनेटच्या मधोमध उतरला
आणि ओल्या रंगात अंग टाकून झोपला.

उपटायचं नाही. ओल्यात उपटलं की खड्डा.
दोन दिवस वाट बघायची.
दोन दिवस मी लोकांचे दात रंगवले
आणि प्रत्येक दातावर तोच तंतू शोधला.

मग घासणं. कडेला अस्तर उघडं पडलं.
पुन्हा धुकं. सहावा, सातवा,
पुढचे मोजले नाहीत.

रविवारी बापूंच्या समोर ठेवली.
त्यांचा एक मोतीबिंदू काढलाय, दुसरा दिवाळीनंतर.
फडकं मागितलं नाही, हातही लावला नाही.
एक डोळा मिटून बघितलं,
मग तो उघडून दुसरा मिटला.
"ह्या डोयाले नवी से," म्हणाले,
"ह्या डोयाले आपली."

बराच वेळ असेच
डोळे आलटून पालटून बसले.
मग विचारलं, "दरवाजा उघडस का?"
नाही, म्हटलं, चिकटवलेत.

"मंग सायेब बठी कथाईन?"