बेबाकी

पतसंस्थेनं दाखला दिला त्याला आता चौदा महिने झाले.
लॅमिनेशन करू म्हणाले होते, वीस रुपये पडतात,
मग धुतलेल्या दुधाच्या पिशवीत घालून
तांदळाच्या डब्याखाली ठेवला.
तिथंच आहे.

कर्ज आमचं नव्हतंच.
बसवराजनं टेम्पो घेतला, यांनी जामीन म्हणून सही केली,
उभ्याउभ्या, एका हातात कूलरची मोटर,
कागदावर वंगणाचा अंगठा उठलेला.
टेम्पो सोलापूरकडं गेला तो गेला,
बसवराजही.
सही तेवढी उदगिरात राहिली,
आमच्या घरी, सहा वर्षं.

सहा वर्षांत हात शिकतात.
पेस्टची नळी उभी चिरली की चार दिवस अजून निघतात,
पाचव्या दिवसाचं ओंकारला विचारा,
कुठल्या कोपऱ्यात असतं त्याला माहीत.
येसर पातळ, कूट चमच्यानं,
बाजारात दिवस कलल्यावर जायचं,
मेथीवाली गोणपाट झटकत असते तेव्हा.
एप्रिलात हे गावभरचे कूलर दुरुस्त करून यायचे
आणि आम्ही गच्चीवर ओली चादर टाकून निजायचो.
लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार.
अंधार काही नव्हता,
चांदणं होतं, त्याचं बिल येत नाही.

आता हप्ता नाही.
तरी सात तारखेला माझा हात फळीकडं जातो,
बत्तीसशे मोजतो,
आणि मग कुणाला द्यायचे ते कळत नाही.
पहिल्या महिन्यात भीती वाटली, खरं सांगते.
जेवण झालं तरी पाहुणा उठत नाही,
तसे ते पैसे डब्यात बसून राहिले.
तिसऱ्या महिन्यात माझ्या दाढेचं केलं.
चार वर्षं लवंगेवर काढली होती.

नणंद म्हणते, फेडलं ना सगळं, आता तरी एक साडी घे.
घेईन. घेत नाही असं नाही.
पण नळी मी अजून चिरतेच,
आणि कुणी अर्धी टाकलेली दिसली
की पोटात कालवतं.
ही सवय म्हणावी,
का मी मुळातच अशी होते
आणि कर्जानं नुस्तं बाहेर काढलं,
ठरत नाही.

शेजारचे शब्बीरभाई, गादीवाले, दाखला वाचून हसले.
"बेबाक? हमारे में बेबाक उसको बोलते, जो डरता नै."
मी यांच्याकडं पाहिलं.
हे मान खाली घालून पंख्याची वाइंडिंग करत होते.

यांचं तेवढं एक राहिलंय.
सही करत नाहीत.
गॅसच्या पुस्तकावर मी, प्रगतिपुस्तकावर मी,
कुरिअरवाल्याला म्हणतात, थांबा, हिला बोलावतो.
चांगलं अक्षर होतं हो.
मन्मथ लिहिताना शेवटच्या थ ला शेपूट काढायचे,
लग्नाच्या फोटोमागं आहे.

काल प्रांजलीनं कागद आणला.
शाळेची सहल, वेरूळ-दौलताबाद, दोन दिवस, तेराशे रुपये.
हिशोब तिनंच करून आणला होता:
धपाटे घरचे, बाटली घरची,
आत्याच्या पोरीचे बूट, दोन मोजे घातले की बसतात.
"आणि नाही गेले तरी चालतं," हेही तयार होतं तिच्याजवळ.
अकरा वर्षांचं लेकरू.
पहिल्यांदा मला आमच्या काटकसरीचा राग आला.

मी डबा काढायला उठले.
परत येईपर्यंत यांनी हात पुसले होते,
लुंगीला, दोनदा.
"काही झाल्यास जबाबदारी माझी राहील"
ही ओळ बोट ठेवून वाचली,
परत वाचली,
आणि खालच्या रेघेवर पेन टेकवलं.
उमटलंच नाही.
वर्तमानपत्राच्या कडेला गोल गोल घासलं,
कागद फाटायला आला.

ओंकार म्हणाला, पप्पा, दुसरं देऊ?
म्हणाले, थांब.
आहे अजून यात.